संगणक मंदावला? आधी मोजावे, मग बदलावे

अकोल्यातील डाळमिल असो वा अमरावतीतील कापडाची घाऊक पेढी, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 आणि 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी भरावे लागते. नेमका त्याच दिवसांत हिशेबाचा संगणक रेंगाळतो. बिल निघत नाही, ग्राहक खोळंबतो आणि ‘नवे यंत्र घ्या’ असा सल्ला चहूबाजूंनी मिळू लागतो.

जैन आचारात ‘यतना’ म्हणजे प्रत्येक कृती पाहून, सावधपणे करणे. अनुभवी प्रोग्रामरही हाच नियम पाळतो. पेढीचा सर्व्हर लिनक्सवर असेल, तर तपासणीची साधने सहसा त्यातच असतात.

अडचण कोठे आहे?

प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क या चौघांपैकी कोण अडले आहे, ते प्रथम ओळखावे. ‘टॉप’ ही आज्ञा यंत्रावरील भार दाखवते. चार कोअरच्या यंत्रावर भार सतत चारच्या वर राहिला, तर कामे रांगेत उभी आहेत असे समजावे. मात्र लिनक्स या आकड्यात डिस्कची वाट पाहणारी कामेही धरते. अशा वेळी नवा प्रोसेसर घेऊन उपयोग होत नाही.

‘फ्री’ या आज्ञेत रिकामी मेमरी अल्प दिसली म्हणून घाबरू नये. पडून असलेली मेमरी लिनक्स फायली हाताशी ठेवण्यास वापरते व गरज पडताच मोकळी करते. म्हणून ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा.

डिस्क भरली असेल तर

‘डीएफ’ आज्ञेने शिल्लक जागा कळते. मोठी फाइल पुसूनही जागा मोकळी होत नसेल, तर एखादा चालू प्रोग्राम ती धरून बसलेला असतो. तो बंद करून पुन्हा सुरू केल्यावर जागा सुटते. ‘जर्नलसीटीएल’ ही यंत्राची रोजनिशी होय. तीत डिस्कच्या वाचन-लेखनातील चुका वारंवार दिसल्या, तर दुरुस्तीच्या आधी माहितीची नक्कल काढावी.

रोजकीर्द आणि खतावणी

पुष्कळदा यंत्र निर्दोष असते, प्रोग्रामची रीत चुकलेली असते. एका आसामीचा हिशेब काढण्यासाठी कोणी सारी रोजकीर्द चाळत नाही. खतावणीतील पान उघडतो. डेटाबेसमधील ‘इंडेक्स’ म्हणजे अशीच सोय. एक लाख नोंदी ओळीने चाळण्याऐवजी, क्रमाने लावलेल्या यादीत हवी ती नोंद सुमारे 17 तुलनांत सापडते. तसेच दोन हजार आसामींची बाकी काढताना डेटाबेसकडे दोन हजार फेऱ्या मारणारा प्रोग्राम मंदच राहणार. गोदामातून प्रत्येक पोत्यासाठी वेगळी गाडी कोणी पाठवत नाही. एकाच फेरीत सर्व माहिती आणावी.

बदल करताना

एका वेळी एकच बदल करावा, तो तारखेसह वहीत लिहावा आणि पुन्हा मोजावे. पाच बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

दिवाळीत ज्या वह्यांचे पूजन होते, त्यांचा मजकूर आता डिस्कवर आहे. यंत्र बाजारात पुन्हा मिळते, उधारीची नोंद मिळत नाही. म्हणून रोज नक्कल काढावी, तिची एक प्रत पेढीबाहेर ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या नकलेवर विसंबणे म्हणजे न मोजता गल्ला बंद करणे.