पंचावन्न कोटी वर्षांचा ठसा

भोपाळजवळच्या भीमबेटकातली गुहाचित्रं विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 मध्ये जगापुढे आणली. तेव्हापासून तिथे येणारा प्रत्येक जण चित्रंच बघत आला. मार्च 2020 मध्ये दिल्लीत भरणारी भूवैज्ञानिक परिषद करोनामुळे लांबणीवर पडली. तिच्या निमित्ताने आलेल्या भूवैज्ञानिक ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांना मात्र ऑडिटोरियम गुहेत, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, वेगळंच काही दिसलं: पानासारखा आकार, मधोमध रेघ, दोन्ही बाजूंना बारीक फासळ्या.

डिकिन्सोनिया! ऑस्ट्रेलियातल्या एडियाकारा टेकड्यांमुळे प्रसिद्ध झालेला हा जीव सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला ना तोंड, ना आतडं. तो प्राणी होता की आणखी काही, यावर भूवैज्ञानिक दशकानुदशकं भांडले. 2018 मध्ये रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या जीवाश्मांत कोलेस्टेरॉलच्या खुणा मिळाल्या आणि पारडं प्राण्याकडे झुकलं. (गंमत म्हणजे रिटॅलॅक स्वतः अशा जीवांना दगडफुलाच्या जातीचे मानणारे!)

शोधनिबंध ‘गोंडवाना रिसर्च’मध्ये आला आणि खळबळ उडाली. कारण प्रश्न एका ठशापुरता नव्हता. भीमबेटका ज्यांत आहे त्या वरच्या विंध्य खडकांचं वय 100 कोटी वर्षं की 55 कोटी, हा जुना वाद त्या एका ठशाने निकाली निघणार होता.

फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट 100 कोटींच्या बाजूचे. 2022 च्या अखेरीस ते सहकाऱ्यांसह गुहेत जाऊन उभे राहिले. ठसा दगडापासून सुटून झडत चालला होता. खडकात मुरलेला जीवाश्म दोन-तीन वर्षांत असा सोलून निघत नाही. आजूबाजूला आग्या माश्यांची पोळी लटकत होती. ‘डिकिन्सोनिया’ म्हणजे कुजलेल्या आग्यामोहोळाचा उरलेला भाग!

2023 मध्ये हा खुलासा त्याच नियतकालिकात छापून आला. रिटॅलॅक यांनी तो मान्य केला, आडवळणं न घेता. माझ्या मते या कथेतला खरा शोध हाच.

आपल्या सिंधुदुर्गातही, जांभ्याखाली आणि कुठे कुठे उघड्यावर, कलादगी गटाचे अतिप्राचीन वालुकाश्म आहेत. मालवणच्या बाजूला कुणाला त्यांच्यावर असा ठसा दिसला तर तो खरवडू नका. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, दोन पावसाळे जाऊ द्या आणि पुन्हा बघायला जा.