बिल्ल्यावरची ओळख

देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याला आपला चेहरा लक्षात नसतो. तो बिल्ला देतो आणि परतताना त्या क्रमांकाच्या चपला पुढे करतो. वेबवरची ‘कुकी’ म्हणजे असाच बिल्ला.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला व्यवहार ‘एचटीटीपी’च्या नियमांनी चालतो. त्या नियमांत मुळात स्मरणाची सोय नव्हती. प्रत्येक विनंती सर्व्हरला नवी. मागच्या पानावर ग्राहकाने काय निवडले, ते पुढच्या पानाला ठाऊक नसे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या प्रोग्रामरने यावर तोड काढली : ही आठवण वापरणाऱ्याच्याच संगणकावर ठेवायची. ‘मॅजिक कुकी’ हा प्रोग्रामरांमध्ये आधीपासून रूढ असलेला शब्द होता. त्यावरून हे नाव पडले.

उत्तर पाठवताना सर्व्हर त्याला ‘सेट-कुकी’ अशी एक ओळ जोडतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे पुन्हा विनंती करताना ‘कुकी’ या ओळीत तोच मजकूर परत पाठवतो. एवढेच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी या कुकीत सरळ सदस्य क्रमांक लिहिला होता. संकेतस्थळ खुले व्हायला दोन दिवस उरले असताना चाचणी घेणाऱ्या सहकारी बाईंनी ब्राउझरमध्ये ४१२ चे ४१३ केले. पडद्यावर दुसऱ्याच सदस्याचा पत्ता आणि बिले! मी गप्प झालो.

कुकी वापरणाऱ्याच्या हातात असते, म्हणून तिच्यावरचा मजकूर पडताळल्याशिवाय खरा मानायचा नाही, हे तेव्हा उमगले. आता मी तिच्यात फक्त लांबलचक, अंदाज बांधता न येणारा संकेतांक ठेवतो. तो कोणाचा, याची नोंद सर्व्हरवर राहते. शिवाय तीन कड्या लावतो. ‘सिक्युअर’मुळे कुकी केवळ सुरक्षित जोडणीवरूनच जाते. ‘एचटीटीपी-ओन्ली’मुळे पानावरील जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही. ‘सेमसाइट’मुळे परक्या संकेतस्थळावरून सुटलेल्या विनंतीबरोबर तिच्या जाण्याला आळा बसतो.

चौथी गोष्ट बरेचजण विसरतात. ‘लॉगआउट’ केल्यावर ब्राउझरमधली कुकी पुसणे पुरेसे नाही. सर्व्हरवरची नोंदही खोडावी लागते. नाहीतर कोणी बिल्ल्याची नक्कल आधीच करून ठेवली असेल, तर मालक घरी गेल्यावरही त्याला दार उघडेच राहते.