आधी रूळ की आधी वाहतूक?

मूर्तिजापुराहून कारंजा व दारव्हा या गावांवरून यवतमाळास जाणारा ११३ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग आमच्या वाचकांस ठाऊक आहे. वऱ्हाडच्या जनतेने त्यावरील गाडीस मोठ्या मायेने ‘शकुंतला’ हे नाव दिले. कण्वाच्या आश्रमातील शकुंतलेस राजाने एकदा ओळख नाकारली, पण अंगठी सापडताच त्याची स्मृती परत आली. आमच्या शकुंतलेचे दैव इतकेही थोर नाही. १९९४ साली तिचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले. २०१६ साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, मार्गाच्या रुंदीकरणासाठी दीड हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. त्यानंतर मार्ग रुंद होण्याऐवजी गाडीच बंद पडली, आणि कारंज्याच्या लोकांस घोषणा तेवढी उरली. अंगठी दिली, पण ओळख पटली नाही, असा हा प्रकार आहे.

एका लहान गाडीचे रडगाणे गाण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. देशात लोहमार्ग कोठे टाकावा, कोणाच्या पैशाने टाकावा, आणि त्याचा नफातोटा कोणाच्या वहीत मांडावा, हा मूळ प्रश्न आहे. वाशिम जिल्ह्याच्या उदाहरणावरून तो जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

प्रथम इतिहास पाहू. १८४९ साली ईस्ट इंडिया कंपनीने विलायतेतील रेल्वे कंपन्यांशी जे करार केले, त्यांत भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी दिली आणि जमीन ९९ वर्षांसाठी फुकट दिली. मार्गास तोटा आला तर तो हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे येथील रयतेच्या करातून, भरून निघे. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीची किंमत विलायतेस कळली. १८६७ साली मुख्य मार्ग नागपुरास पोहोचला. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारासाठी शाखा निघाली, आणि तिच्या उद्घाटनास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो जातीने आले. कारंज्याचा कापूस बाजार तर १८८६ पासून नियमबद्ध झालेला. देशातील अशा बाजारांत तो पहिला गणला जातो. त्याच कापसाच्या ओढीने विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीचा अरुंद मार्ग कारंज्यावरून गेला. गठ्ठा शेतातून बंदरावर कसा जाईल, एवढाच त्या काळच्या योजनेचा विचार होता. शेतकरी, विद्यार्थी, रोगी यांचा हिशेब त्यात कोणी धरला नव्हता.

दादाभाई नौरोजी आणि नामदार गोखले यांच्या पिढीने या धोरणावर कडक टीका केली. लोहमार्ग नकोत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. रयतेच्या पैशाने होणाऱ्या कामाचा लाभ रयतेस किती, हे विचारण्याचा हक्क त्यांनी बजावला. पाटबंधारे व शिक्षण उपाशी ठेवून रेल्वेवर पैसा ओतला जातो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. तो हक्क स्वराज्यात लोपलेला नाही. उलट मालक आपणच झाल्यामुळे तो कर्तव्य बनला आहे.

आता आजची स्थिती घेऊ. अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ साली रेल्वेचा अर्थसंकल्प सरकारच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पापासून वेगळा करण्यात आला. ही व्यवस्था ९० वर्षांहून अधिक काळ चालली आणि २०१७ साली दोन्ही अर्थसंकल्प पुन्हा एक झाले. त्याबरोबर सरकारी तिजोरीस दरसाल लाभांश देण्याच्या बंधनातून रेल्वे मुक्त झाली. रेल्वेच्या भांडवली कामांसाठी २०२३–२४ मध्ये केंद्राने २ लाख ४० हजार कोटी रुपये ठेवले, आणि ही रक्कम २०१३–१४ च्या सुमारे नऊपट असल्याचे अर्थमंत्र्यांनीच संसदेत सांगितले. पुढील वर्षी आकडा २ लाख ६२ हजार कोटींवर गेला. या वाढीचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो. परंतु आता ‘पैसा नाही’ ही जुनी सबब पुढे करता येणार नाही, हेही त्याबरोबर नमूद करणे प्राप्त आहे.

मग अडचण कोठे आहे? ती कसोटीत आहे. नव्या मार्गावर घातलेल्या भांडवलास शेकडा १४ परतावा मिळेल, असे अंदाजपत्रकात दिसले पाहिजे, हा दंडक रेल्वे खात्याने दीर्घकाळ बाळगला. ज्या गावी आधीच गाड्या, कारखाने व गोदामे आहेत, तेथे हा परतावा कागदावर सहज दिसतो. जेथे रूळच नाही तेथे वाहतूक कोठून दिसणार? आणि वाहतूक दिसत नाही म्हणून रूळ नाही! आडात पाणी पडू द्यावयाचे नाही आणि पोहरा रिकामा आला म्हणून आडास दोष द्यावयाचा, यांतला हा न्याय आहे. जी तिजोरी रेल्वेकडून स्वतःसाठी लाभांश मागत नाही, तिच्याच नावाने मागास जिल्ह्याकडून मात्र आगाऊ नफ्याचा पुरावा मागावा, हे कोणत्या न्यायासनास पटेल?

वाशिम जिल्ह्याचे मानचित्र समोर ठेवा. अकोला–पूर्णा मार्ग जिल्ह्याच्या ठाण्यावरून जातो. २००८ साली तो रुंद झाला आणि त्याचा उपयोग लोकांस प्रत्यक्ष दिसला. पण रिसोड, मंगरूळपीर व मानोरा या तालुक्यांच्या ठिकाणी रेल्वे स्थानक नाही, आणि कारंज्याचे जे होते त्यावरील वर्दळ थांबली. या जिल्ह्याची गणना सरकारनेच २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत केली. सोयाबीन, तूर आणि कापूस पिकविणारा येथील शेतकरी माल मोटारीने पाठवितो, आणि भाड्याचा बोजा अखेर त्याच्याच भावातून कापला जातो. नोकरीच्या परीक्षेस जाणारा मुलगा, उपचारासाठी नागपूर गाठणारी बाई, यांच्या भाड्याचा व वेळेचा तोटा कोणत्याही सर्वेक्षणाच्या वहीत लिहिला जात नाही. मंगरूळपीर व कारंजा यांवरून वाशिम–बडनेरा मार्ग व्हावा, ही मागणी या परिस्थितीतूनच जन्मली आहे.

येथे प्रतिवादीची बाजूही मांडली पाहिजे. सरकारी अधिकारी म्हणतील, प्रत्येक तालुक्यास रूळ देता येणार नाही. तोट्याचे मार्ग वाढले तर एकंदर रेल्वेच बुडेल. आणि शेजारून समृद्धी महामार्ग गेला असता रेल्वेची गरज काय? पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. सर्वांस सर्व द्या, अशी आमची मागणी नाही. तिसरा मुद्दा मात्र आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे. २०१५ साली जाहीर झालेला ७०१ किलोमीटरांचा महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. स्वतंत्र महामंडळ, उभारलेले कर्ज आणि ठरलेली मुदत ही तिन्ही असली म्हणजे याच मातीत, याच जमीनमालकांकडून जमीन घेऊन काम होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. शिवाय जो मजूर एस.टी.चे भाडे मोजून घेतो, त्यास पथकर भरून धावणाऱ्या मोटारींचा काय उपयोग?

पैसा कसा द्यावा, यावर कामाचे भवितव्य किती अवलंबून असते, हे महाराष्ट्राने दोन मार्गांच्या रूपाने पाहिले आहे. कोकण रेल्वेसाठी १९९० साली महामंडळ स्थापन झाले. केंद्राने ५१ टक्के व महाराष्ट्राने २२ टक्के भांडवल उचलले, उरलेले कर्नाटक, गोवा व केरळ यांनी दिले, आणि बाकीची रक्कम रोख्यांनी उभी राहिली. सह्याद्रीचे कडे व शेकडो नद्यानाले ओलांडून तो मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण झाला. दुसरा मार्ग नगर–बीड–परळी, लांबी २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५. त्यास वर्षानुवर्षे चिमूटभर तरतूद मिळाली. पुढे राज्याने अर्धा भार उचलला तेव्हा कामास गती आली, आणि बीडला पहिली गाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोहोचली. दरम्यान ३५३ कोटींचा अंदाज ४,८०५ कोटींवर गेला होता. तीस वर्षांत एक पिढी म्हातारी झाली आणि खर्च तेरा पटींहून अधिक वाढला! काटकसरीच्या नावाखाली झालेली ही उधळपट्टी नव्हे तर काय?

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत, आणि त्या सरळ आहेत. पहिली ही की, शकुंतला मार्गाचे रुंदीकरण व वाशिम–बडनेरा मार्ग यांची सर्वेक्षणे, त्यांतील वाहतुकीचे अंदाज व नफ्यातोट्याची मांडणी मराठीत प्रसिद्ध करावी. ज्या निकालाची कारणे दिलेली नसतात त्यावर अपील तरी कसे करावे? दुसरी ही की, आकांक्षित जिल्ह्यांसाठी कसोटी बदलावी, आणि शेतकऱ्याचे वाचणारे भाडे, विद्यार्थ्याचा वाचणारा वेळ व रस्त्यावरील कमी होणारा भार हेही परताव्यात धरावे. तिसरी ही की, जे काम मंजूर होईल त्यास केंद्र व राज्य यांनी आपापला वाटा लेखी ठरवून मुदतीत पुरा पैसा द्यावा. जे करावयाचे नाही, ते करणार नाही असे स्पष्ट सांगावे. स्पष्ट नकाराने माणूस दुसरी वाट शोधतो. खोट्या आशेने तो आहे तेथेच बसून राहतो.

शेवटी दोन शब्द आमच्याच जिल्ह्यातील बंधुभगिनींस. निवडणूक आली की निवेदन, ती सरली की विस्मरण, हा आपला परिपाठ आहे. कारंजेकरांनी शकुंतला मागावी, मंगरूळकरांनी बडनेऱ्याचा मार्ग मागावा, आणि दोघांच्या वादात दिल्लीने कोणासच काही देऊ नये, असे होता कामा नये. दोन्ही मागण्यांत कारंजा आहे. तेव्हा कारंज्यानेच पुढाकार घेऊन सहाही तालुक्यांचे एक निवेदन तयार करावे. बाजार समित्यांनी किती माल कोठे जातो, याचे आकडे आपल्या वह्यांतून काढून द्यावेत, शाळा-महाविद्यालयांनी प्रवासी विद्यार्थ्यांची मोजदाद करावी, वकिलांनी कागद नीट लिहावेत. वाहतूक दिसत नाही, असे जे म्हणतात त्यांच्यापुढे ती मोजून ठेवावी. गोखल्यांनी परक्या सरकारपुढे आकडे मांडले, मग आपल्याच सरकारपुढे ते मांडण्यास आम्हांस संकोच का वाटावा? विलायतेच्या गिरणीसाठी ज्या मातीत एकदा रूळ आले, त्या मातीत पिकविणाऱ्यांसाठी ते पुन्हा आले पाहिजेत.