वेल्स, १९६२ : एका घरपट्टीची हकिकत

इसवी सन १९६२ च्या फेब्रुवारी महिन्याच्या १३ तारखेस बी.बी.सी.च्या वेल्श नभोवाणीवरून एक व्याख्यान प्रक्षेपित झाले आणि त्या छोट्या देशाच्या सार्वजनिक जीवनाने, प्रथम कोणाच्या फारसे लक्षात न येता, एक निराळे वळण घेतले. व्याख्याते होते अडुसष्ट वर्षांचे नाटककार सॉण्डर्स लुइस आणि विषय होता वेल्श भाषेचे भवितव्य. हे गृहस्थ साधे साहित्यिक नव्हते. १९२५ साली वेल्श राष्ट्रीय पक्षाच्या स्थापनेत त्यांचा हात होता. पुढे १९३६ साली पेनिबर्थ येथील बॉम्बफेकीच्या प्रशिक्षणकेंद्रास दोघा सहकाऱ्यांसह आग लावून ते स्वतःच पोलिसांच्या स्वाधीन झाले होते. कार्नार्व्हनच्या पंचांचे एकमत होईना, म्हणून खटला लंडनला नेण्यात आला व तेथे त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. स्वान्सीच्या महाविद्यालयातील अध्यापकाची नोकरीही गेली.

त्यांचे भाकीत कठोर होते. चालू गती अशीच राहिली तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेल्श ही जिवंत भाषा म्हणून उरणार नाही, असे त्यांनी सांगितले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोकसंख्येपैकी सुमारे निम्मे लोक ही भाषा बोलत असत. १९६१ च्या शिरगणतीत, जिचे भाषाविषयक आकडे या व्याख्यानानंतर प्रसिद्ध झाले, हे प्रमाण शेकडा २६ वर आलेले आढळले. या ऱ्हासाची मुळे जुनी होती. आठव्या हेन्रीच्या १५३६ च्या कायद्याने वेल्स इंग्लंडला जोडताना न्यायासन आणि सरकारी अधिकारपद यांची भाषा इंग्रजी ठरवली, आणि त्यानंतर १५८८ साली बिशप विल्यम मॉर्गन यांचे बायबलचे संपूर्ण भाषांतर छापून निघाल्यामुळे प्रार्थनामंदिरात वेल्शला मानाचे आसन मिळाले असले, तरी कचेरीच्या उंबरठ्यावर तिला चारशे वर्षे ताटकळतच राहावे लागले.

परंतु या व्याख्यानातील माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग कायदे वा आकडे यांचा नसून एका कुटुंबाच्या घरपट्टीचा आहे. लानेलीजवळच्या लांगेनेख या गावी ट्रेव्हर बीझली हा कोळशाच्या खाणीतील कामगार आणि त्याची पत्नी आयलीन हे दांपत्य राहत असे. १९५२ साली त्यांच्याकडे ग्रामीण जिल्हा परिषदेची घरपट्टीची मागणी आली, ती केवळ इंग्रजीत. त्या मुलखातील रहिवासी बहुतांशी वेल्श बोलणारे, निवडून आलेले सभासद वेल्श आणि कचेरीतील नोकरवर्गही वेल्शच. मग कागद तेवढा इंग्रजी का, हा त्यांचा सरळ सवाल होता. वेल्शमधून मागणी येईपर्यंत एक छदामही भरणार नाही, असे त्यांनी कळवले. परिषदेने फिर्याद केली, समन्स आले, डझनाहून अधिक वेळा कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आणि तेथेही कामकाज वेल्शमध्ये चालावे असा आग्रह त्यांनी सोडला नाही. बेलिफ आले आणि एकदा नव्हे तर अनेकदा घरातील सामानसुमान जप्त करून घेऊन गेले. घरपट्टीच्या थकलेल्या रकमेपेक्षा नेलेल्या सामानाची किंमत कितीतरी अधिक होती. कोणाही शहाण्या माणसाने या व्यवहारास आतबट्ट्याचाच म्हटले असते, आणि लहान मुले असलेल्या घरात त्याचा जाच किती होत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. १९६० साली, म्हणजे आठ वर्षांनी, परिषदेने दोन्ही भाषांत छापलेली मागणी पाठवली.

लुइस यांनी हेच उदाहरण राष्ट्रासमोर ठेवले. वेल्शभाषक प्रदेशांत स्थानिक वा मध्यवर्ती सरकारचा कोणताही कारभार वेल्शवाचून चालणे अशक्य करून टाका, असा त्यांचा संदेश होता. त्यांचे आणखी एक प्रतिपादन आजही अस्वस्थ करणारे आहे : भाषा राज्यकारभारात स्थिर होण्यापूर्वीच स्वराज्य मिळाले, तर इंग्रजांच्या अमलाखाली मरेल त्याहूनही ती लवकर मरेल, असे ते म्हणाले. हे आवाहन त्यांनी आपल्याच जुन्या पक्षाला उद्देशून केले होते. परंतु निवडणुकांच्या राजकारणात गुंतलेल्या पक्षाने ते शिरावर घेतले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोंतारदुलाइस येथे पक्षाचे उन्हाळी शिबिर भरले असता काही तरुणांनी वेगळ्या भाषा-संस्थेचा पाया घातला, आणि इतिहासाचे अभ्यासक जॉन डेव्हिस व साहित्याचे अध्यापक टेडी मिलवर्ड हे तिचे चिटणीस झाले.

वर्ष तसे इतर दृष्टींनीही धामधुमीचे होते. लिव्हरपूल शहराला पाणी पुरवण्यासाठी ट्रवेरिन खोऱ्यातील कापेल केलिन हे वेल्श गाव बुडवणाऱ्या धरणाचे बांधकाम चालू होते, आणि १९५७ साली संबंधित कायद्यास वेल्श खासदारांनी प्रचंड बहुमताने विरोध करूनही तो पार्लमेंटात मंजूर झाला होता, ही जखम ताजी होती. लुइस यांनी धरणापेक्षा घरपट्टीच्या कागदाला अधिक महत्त्व दिले, हे त्या वेळी पुष्कळांना रुचले नसावे. मला मात्र त्यांची निवड मार्मिक वाटते. धरण एकदाच बांधले जाते. घरपट्टी दर वर्षी येते.

१९६३ च्या २ फेब्रुवारीस अबेरिस्टविथ येथे या नव्या भाषा-संस्थेच्या तरुणांनी टपालकचेरीवर भित्तिपत्रके चिकटवली. आपणास पकडावे आणि मग वेल्शमधील समन्स मागता यावे, असा त्यांचा बेत होता. पण पोलीस कोणालाच पकडीनात! तेव्हा निराश झालेली ही मंडळी ट्रेवेखनच्या पुलावर जाऊन बसली आणि रहदारी अडली. पुढे १९६७, १९९३ आणि २०११ असे टप्प्याटप्प्याने कायदे झाले. शेवटच्याने वेल्श भाषेस वेल्समध्ये अधिकृत दर्जा दिला. दैवगती अशी की, मिलवर्ड यांच्याकडेच १९६९ साली राजपुत्र चार्ल्स वेल्श शिकावयास आले.

लुइस यांचे भाकीत शब्दशः खरे ठरले नाही, आणि ते खोटे ठरावे यासाठीच ते वर्तवले होते. तरीही कचेरीत मिळालेल्या विजयाने घरातील भाषा आपोआप वाढली, असा निर्वाळा देता येत नाही : २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलू शकणारे सुमारे ५,३८,००० म्हणजे शेकडा १७.८ भरले, आणि हे प्रमाण १९६१ पेक्षा कमी आहे.