चुलीवाचून शिदोरी

१९७२च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. मराठवाड्यात तेव्हा दोन शब्द घरोघर पोचले, मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. ती दळा, थापा, भाजा, मग खा. सुकडी मात्र हातात पडली की थेट तोंडात! अडीअडचणीचे अन्न निवडताना मी हाच फरक बघतो, कारण पुष्कळदा घरात धान्य असते. पाणी आणि सरपण नसते.

आपल्या आज्यांना हे पाठ होते. दशमीचे पीठ दुधात भिजवायचे, म्हणजे ती प्रवासात मऊ राहते. सातूच्या पिठातले गहू-डाळे आधीच भाजलेले. गूळ-पाणी कालवले की जेवण झाले. शेंगदाण्याची चटणी कोरडी, फक्त तिच्यात ओला चमचा घालू नये.

शेंद्र्याच्या पुढचेच करमाड. ८ मे २०२० रोजी पहाटे, जालन्याहून पायी गावाकडे निघालेले १६ मजूर तिथे रुळांवर झोपले असता मालगाडीखाली गेले. टाळेबंदीत वाटेवर काही मिळण्याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी बरोबर पोळ्या बांधून घेतल्या होत्या. त्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या.

आमच्या फडताळात सातूचा डबा असतो. त्यावर भरल्याची तारीख लिहितो. बँकेतली खोड, दुसरे काय! महिनाभरात ते पीठ नातवंडांना खायला घालून नवे भरायचे, नाहीतर त्याला जाळी धरते.