वऱ्हाडाचे हसू कोणावर?

खेड्यातले वऱ्हाड लग्नासाठी विमानाने थेट लंडन गाठते, एवढ्याच कल्पनेवर लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग उभा केला. १९७९ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात ते एकटेच ५२ पात्रे रंगवीत.

वऱ्हाड म्हणजे चालतेबोलते गावच. मानपान, रुसवेफुगवे, भाऊबंदकी हे सारे सामानासोबत विमानात चढते. परदेश केवळ निमित्त. उलगडत जातो तो गाव.

अशा विनोदात एक धोका असतो. शहरी प्रेक्षक खेडुताच्या अडाणीपणालाच हसू शकतो. देशपांडे यांनी तो टाळला, कारण मराठवाड्याची बोली त्यांची स्वतःची होती. त्यांचा खेडूत लंडनपुढे ओशाळत नाही. तो लंडनलाच गावच्या मापाने मोजतो.

मार्केट यार्डालगतच्या बिबवेवाडीसारख्या उपनगरात गावाकडून येऊन स्थिरावलेल्या घरांना हा फरक चटकन उमगतो. आपल्या बोलीची लाज बाळगावी की ती मिरवावी, हा प्रश्न त्यांच्या उंबऱ्यावरचाच आहे.

देशपांडे २००९ मध्ये निवर्तले. पुढे संदीप पाठक यांनी हे वऱ्हाड पुन्हा रंगमंचावर आणले.