सशाच्या लेंड्यांवर लक्ष ठेवा

वडीगोद्रीसारख्या गावात शेळीचे पोट फुगले तर कोणाला सांगावे लागत नाही. डावी कूस वर आली, शेळी धापा टाकू लागली की घरातली म्हातारी माणसे लगेच ओळखतात. परंतु मुलांच्या हट्टापायी घरात पांढरा ससा येतो आणि त्याचे दुखणे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवितो. तो ओरडत नाही, कोपऱ्यात अंग चोरून बसतो. "आज जरा मलूल दिसतो, सकाळी पाहू," असे म्हणून आपण झोपतो आणि सकाळी मुलांना मेलेला ससा दिसतो. पालकांनो, अशी सकाळ पुष्कळदा टाळता येते.

सशाचे पोट कसे चालते?

शेळी रवंथ करते, ससा करीत नाही. शेळीचा चारा पुढच्या मोठ्या पोटात आंबतो, तर सशाचा चारा आतड्याच्या मागच्या भागातील एका मोठ्या पिशवीत जिवाणूंच्या मदतीने आंबतो. हे काम दिवसरात्र चालू राहावे लागते आणि ते धागेदार गवतामुळेच चालू राहते. शिवाय सशाला उलटी होत नाही. आत गेलेले पुढेच सरकले पाहिजे.

गवत कमी पडले, पोळी-बिस्किटे जास्त झाली, पाणी कमी मिळाले, दात वाढले, ऊन लागले किंवा कुत्र्याची दहशत बसली तरी आतडे मंदावते. मग वायू धरतो, पोट दुखते, ससा खाणे सोडतो आणि न खाल्ल्याने आतडे आणखी मंदावते. ससा दगावतो तो या फेऱ्यातच.

धोक्याची लक्षणे

१) अर्धा दिवस काही न खाणे, आवडता पालाही नाकारणे.
२) लेंड्या बारीक होणे, कमी होणे किंवा बंद पडणे. निरोगी ससा दिवसाला शेकड्यांनी गोल, कोरड्या लेंड्या टाकतो.
३) पाठीला कुबड काढून बसणे, दात करकर वाजविणे.
४) पोट ढोलासारखे ताठ होणे.
५) कान गार पडणे, अंग ढिले पडणे.
६) पाण्यासारखी हगवण. पिल्लांना तर ती फार लवकर मारते.

ससा रात्री किंवा पहाटे घोसासारख्या मऊ लेंड्या स्वतःच खातो. तो आजार नव्हे. त्याला त्यातून पोषण मिळते, म्हणून अडवू नये.

काय करावे?

प्रथम पोटाला हलका हात लावून पाहा. पोट ताठ असेल तर काहीही भरवू नका, चोळू नका, ताबडतोब पशुवैद्यकाकडे न्या. पोट मऊ असले तरी डॉक्टरांना दाखवावेच. तोपर्यंत ताजे गवत, कोथिंबीर आणि पसरट भांड्यात पाणी पुढे ठेवा. कान गार असतील तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. उन्हाळ्यात ससा तापून धापा टाकत असेल तर मात्र सावलीत घेऊन कान ओल्या फडक्याने पुसा.

शेळीला पाजतात तसे तेल, सोडा, हिंग सशाला पाजू नका. ते फुप्फुसात उतरू शकते. घरातल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. माणसांसाठी आणलेली अॅमॉक्सिसिलिनसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास पोटातले उपयोगी जिवाणू मरून ससाच दगावू शकतो. दृष्ट काढण्यात वेळ घालवू नका. तेवढ्या वेळात दवाखाना गाठता येतो.

गुरांच्या दवाखान्यात सगळीकडे सशावर उपचार होतातच असे नाही. म्हणून ससा धडधाकट असतानाच अंबड किंवा जालना येथे चौकशी करून ठेवावी. पशुसंवर्धन खात्याचा मोफत क्रमांक १९६२ हाही लिहून ठेवावा. जाताना लेंड्या कागदात बांधून न्याव्यात आणि ससा शेवटचे कधी खाल्ला ते सांगावे.

रोजचा आहार

दिवसभर तोंडापुढे गवत असावे. हरळी, वाळलेले गवत आणि थोडा हिरवा पाला द्यावा. नवा पाला एकदम भरपूर देऊ नये. ढीग लागून तापलेले गवत आणि फवारणी केलेल्या कपाशीतले तण कधीही घालू नये. भाकरी, बिस्किटे, उसाचे तुकडे लाडानेही नकोत. शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू तर घरी आणूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

पिंजरा झाडण्याचे काम मुलांकडे द्या आणि रोज विचारा, "आज लेंड्या किती होत्या? केवढ्या होत्या?" ज्या दिवशी मूल म्हणेल, "आज नाहीतच," त्या दिवशी सकाळची वाट पाहू नका.